खरीखुरी पुस्तकवाली

ओतीलियाला खोटं बोलता येत नसे, आणि त्या दिवशी तर तिने एक अक्षरसुद्धा खोटं उच्चारलं नव्हतं. तरी व्हायचा तो घोटाळा झालाच. निव्वळ खरं बोलून एवढा गोंधळ घालणारी बाई अख्ख्या बार्सेलोनात दुसरी सापडली नसती.

छप्पन सालच्या डिसेंबरातला मंगळवार. दुपारी दुकान बंद करून ती नेहमीच्या दूधवाल्याच्या दुकानात गेली होती. संगमरवरी फळीशी उंच स्टुलावर बसून गरम चॉकलेटमध्ये बिस्किट बुडवत होती. शेजारच्या स्टुलावर हिरवा रुमाल बांधलेली एक बाई येऊन बसली. वय तिच्याएवढंच, तिशीच्या अलीकडे. बाहीला दोन चमक्या चिकटलेल्या. त्या बाईने ओतीलियाकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहून हसली आणि पुढे वाकून हळूच म्हणाली,

"एक विचारू? तू पुस्तकवाली का गं?"

"हो!" ओतीलिया खणखणीत आवाजात म्हणाली. "सात वर्षं झाली."

त्या बाईला ठसकाच लागला. "अगं हळू! भिंतींना कान असतात."

ओतीलियाला ते पटलं. त्या दिवसांत लोक पावाचा भावही कुजबुजत विचारायचे. फ्रांकोसाहेबांच्या राज्यात मोठ्याने बोलायच्या गोष्टी दोनच, प्रार्थना आणि घोषणा. तिने आवाज उतरवला.

"कुणाला ठाऊक आहे?" बाईने विचारलं.

"सगळ्या गल्लीला."

"आणि कुणी काही म्हणत नाही?"

"काय म्हणणार? दारावर पाटीच आहे."

"पाटी!" बाईने फळीची कड धरली. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं आणि ती गालात हसली. "बरं. मग तुला कशी आवडतात? नवी की जुनी?"

"जुनी," ओतीलिया म्हणाली. या विषयावर तिला कुणी विचारलं की ती सुटायची. "नव्यांना काय, कुणीही हात लावतं. जुन्यांची मजाच निराळी. चार हातांखालून गेलेली असतात, कडा जरा झिजलेल्या असतात. उघडली की आपोआप बरोबर त्याच पानावर उघडतात."

बाई लालेलाल झाली. "अगाई गं. आणि मालकबिलक कुणी नाही तुला?"

"आहेत ना. सेन्योर बाल्सेल्स. पण म्हातारे झालेत. दुपारी झोपले की मला मोकळं रान." इथे ओतीलियाने गप्प बसायला हवं होतं. पण सात वर्षं पोटात दाबून ठेवलेली गोष्ट आणि समोर इतके जिवंत डोळे. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. "खरं सांगू? ज्यांच्यावर बंदी आहे ना, ती मागच्या खोलीत दडवलीत. चाळीसेक असतील."

"चाळीस!" बाई इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अशी पुस्तकवाली मी जन्मात पाहिली नाही. माझं नाव तेक्ला. रविवारी येशील? आमच्या लेओकादियाबाईंच्या नावाच्या संतिणीचा दिवस आहे. सगळ्या आपल्यातल्याच. आल्याशिवाय राहू नकोस हं."

"येते की! आणि मागच्या खोलीतलं एक घेऊनच येते. सगळ्यात देखणं. फक्त जरा जपून हाताळा, पाठ उसवलीय."

तेक्लाने फळीवर कपाळ टेकलं. खांदे गदागदा हलत होते. जाताना तिने बिस्किटाच्या कागदावर पत्ता लिहून दिला. तिची बोटं ओतीलियाच्या तळव्याला लागली. टोकांना सुया टोचून टोचून ती खरखरीत झाली होती. पाराल्लेल नावाच्या रस्त्यावरच्या एका नाटकगृहात ती नर्तकींच्या कपड्यांना चमक्या शिवायची. सेन्सॉरवाला आला की गळ्याला जाळीची पट्टी टाचायची आणि तो गेला की उसवायची, हेही तिचंच काम.

आता ओतीलियाची समजूत काय झाली ते सांगायला हवं. तिला वाटलं, शहरातल्या पुस्तक विकणाऱ्या बायकांचं एक गुप्त मंडळ आहे, ते बंदी घातलेली पुस्तकं वाचतं आणि आपल्याला त्याचं बोलावणं आलंय. यात तिचा तरी काय दोष? त्यांच्या दुकानात पुढे संतांची चरित्रं आणि मागे नको ते सगळं. सेन्योर बाल्सेल्स जुन्या प्रार्थनापुस्तकांची कातडी कव्हरं सोडवून घ्यायचे आणि बंदीतल्या पुस्तकांना चिकटवायचे. त्यांचा हात असा सफाईदार की एकदा एक पाद्री तसलं एक पुस्तक चाळायला घेऊन, नुसतं कव्हर कुरवाळून, आशीर्वाद देऊन परत ठेवून गेला.

चार दिवस ती हवेत चालत होती. गिऱ्हाइकाला स्वयंपाकाच्या पुस्तकाऐवजी व्याकरण बांधून दिलं. ज्या मावशीकडे ती राहायची ती रोजच्यासारखी म्हणाली, "तू आता देवळातल्या मूर्तींना झगे शिवतच म्हातारी होणार." लग्न न झालेल्या बाईला तिथे असंच म्हणतात. एरवी हे वाक्य तिला दिवसभर टोचायचं. या वेळी तिने मावशीचा मुका घेतला. शनिवारी तिने पाणी तापवून केस धुतले, रविवारी सकाळी पुन्हा एकदा धुतले. पुस्तकांसाठी कुणी दोनदा केस धूत नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

निवडलेलं पुस्तक म्हणजे युद्धाआधी छापलेली कवितांची बारकी चोपडी. एक तर भाषा कातालान, म्हणजे फ्रांकोसाहेबांना न खपणारी इथली भाषा, त्यात विषय प्रेमाचा आणि कवीही पळून गेलेला. तीन गुन्हे एकाच कव्हरात. कव्हरावर सोनेरी अक्षरांत 'नित्य प्रार्थना'. तिने ते पोटाशी, घट्ट पट्ट्याच्या आत खोचलं, वरून कोट घातला आणि निघाली.

ग्रासियाच्या चौकात दोन करड्या वर्दीवाले पोलीस उभे होते. नेमका तिथेच तिचा हातमोजा पडला. वाकावं तर पुस्तक बरगड्यांत घुसतं आणि न वाकावं तर पोलीस बघतायत. ती काठी गिळल्यासारखी ताठ उभी राहिली. त्यातला एक पुढे आला, मोजा उचलला, धूळ झटकून तिच्या हातात दिला. "सांभाळून, बाईसाहेब." ती थँक्यू म्हणाली की आमेन, तिला आठवेना. कोपरा वळल्यावर ती एकटीच खो-खो हसत सुटली. भीती वाटत होती, पण त्या भीतीत मजा होती. इतकी मजा तिला वर्षानुवर्षांत आली नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. डावीकडचं दार तेक्लाने उघडलं. निळा झगा, केस मोकळे. तिने ओतीलियाचा हात धरला आणि सोडलाच नाही.

आत ग्रामोफोन चालू होता. दोन नर्सा आणि टेलिफोन एक्स्चेंजमधली एक मुलगी आळीपाळीने एकमेकींबरोबर नाचत होत्या. त्यात ओतीलियाला नवल वाटलं नाही. युद्धाने पुरुष कमी केले तेव्हापासून घरोघरी बायका बायकांबरोबरच नाचत. लेओकादियाबाई खुर्चीत बसल्या होत्या, साठीच्या, पूर्वी सुईण होत्या, अजूनही कुणाचं पोरगं आडवं आलं तर लोक त्यांच्याकडेच धावायचे. त्यांच्याजवळ गोल चेहऱ्याची विसी चॉकलेट ढवळत होती. समोरच्या बिऱ्हाडातले दोघे पुरुषही होते. आन्सेल्मो पोस्टात, लेआंद्रो टोप्यांच्या दुकानात.

"ही बघा माझी पुस्तकवाली!" तेक्लाने जाहीर केलं. "दारावर पाटी लावलेली!"

सगळे टाळ्या वाजवायला लागले. ओतीलियाला वाटलं, आपल्या व्यवसायाचा एवढा मान जगात कुठेच नसेल. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कोटाच्या आत हात घातला, पुस्तक ओढून काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"घ्या. मागच्या खोलीतलं."

हशा पिकला. आन्सेल्मोने पुस्तक उघडलं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. त्याचं हसू विरलं. "हे... पुस्तक आहे," तो म्हणाला.

"मग काय असणार?"

"म्हणजे तू खरोखर पुस्तकं विकतेस?" तेक्लाचा आवाज कसनुसा झाला.

"तुम्ही नाही विकत?"

लेआंद्रो म्हणाला, "मी टोप्या विकतो." आणि बोलता बोलता, सवयीने, त्याने आन्सेल्मोच्या हनुवटीवरचा चॉकलेटचा डाग अंगठ्याने पुसला आणि अंगठा चाटला.

ते पाहून ओतीलियाच्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडायला सुरुवात झाली.

लेओकादियाबाईंनी ग्रामोफोनची सुई उचलली. "दाराला कडी घाला." मग त्या तेक्लाकडे वळल्या. आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. "खात्री न करता आणलीस?"

"बाई, मी विचारलं होतं तिला! ती हो म्हणाली! आणि पुढे जे काही बोलली ना, मला वाटलं ही शब्दाशी खेळतेय. मला वाटलं इतकी हुशार, इतकी..." तेक्लाने तोंड फिरवलं.

"पण झालं काय?" ओतीलियाने विचारलं. "मी काय चुकीचं बोलले?"

विसीला हसू आवरत नव्हतं, भीतीतसुद्धा. ती म्हणाली, "अगं पोरी, आपल्यातलीला ओळखायचं कसं? चारचौघांत विचारायचं तर आहे. म्हणून आम्ही विचारतो, पुस्तकवाली का? नवखी असेल तर तिला म्हणायचं चित्रांचं पुस्तक. आता कळलं, आम्ही कसल्या पुस्तकवाल्या?" आणि तिने लेओकादियाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. बहीण बहिणीच्या खांद्यावर ठेवते तसा नाही.

साध्या शब्दाचा ध चा मा झाला होता. ओतीलियाला मंगळवारची दुपार आठवली, अक्षर न् अक्षर. जुनीच आवडतात. चार हातांखालून गेलेली. चाळीसेक असतील. पाठ उसवलीय. तिचे कान इतके तापले की त्यावर बिस्किटं भाजून निघाली असती. पण गंमत अशी की तिला लाज वाटत होती ती बोलण्याची. जे कळलं त्याची नाही. जे कळलं त्याने तिच्या छातीत कुणीतरी नगारा वाजवायला घेतला होता, आणि ती तेक्लाकडे बघत राहिली.

लेओकादियाबाई मात्र हसल्या नाहीत. "ऐक. या दोघांसारख्या पुरुषांचं नाव दोन वर्षांपूर्वी कायद्यात आलं, भटके, दलाल, भिकारी यांच्या रांगेत. पकडलं तर छावणी. आम्हा बायकांना कायदा लागत नाही. आम्हाला घरचेच वेड्यांच्या इस्पितळात टाकतात, डोक्याला विजेचे झटके द्यायला. या घरात आठ जणांचा जीव आहे. म्हणून एकच नियम केलाय. बाहेरचं माणूस जिने आणलं, तिने त्याच्याबरोबर बाहेर जायचं. परत यायचं नाही."

तेक्ला पांढरीफटक पडली. "बाई, मला दुसरं घर नाही."

"ठाऊक आहे मला."

तेक्लाला तिच्या बापाने एकोणिसाव्या वर्षी घराबाहेर काढलं होतं. लेओकादियाबाईंनी तिला मागची खोली दिली होती. हे ओतीलियाला टेलिफोनवाल्या मुलीने कानात सांगितलं, आणि ओतीलियाला आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलता यावं असं वाटलं.

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "आणि सांगेनच कशी? ते पुस्तक बघा ना. ते पोटाशी बांधून मी पोलिसांसमोरून आलेय. तुम्ही मला धरून देऊ शकता आणि मी तुम्हाला. तुझं माझ्यापाशी, माझं तुझ्यापाशी. फिटंफाट! पुस्तक इथेच ठेवते, ओलीस म्हणून."

"बोलते छान," आन्सेल्मो पुटपुटला.

"बोलूनच तर इथवर आलीय," लेओकादियाबाई म्हणाल्या. पुढे त्या काय म्हणणार होत्या कोण जाणे, कारण तेवढ्यात जिन्याच्या तळातून रखवालदारीणबाईचा आवाज आला. नेहमीपेक्षा दुप्पट मोठा.

"या या, सातुरिओसाहेब! सावकाश चढा हं, तिसऱ्या मजल्यापर्यंत पायऱ्या निसरड्या आहेत!"

सातुरिओ म्हणजे त्या वस्तीतले सरकारी पक्षाचे प्रमुख. कोण चर्चला जातं, कोण जात नाही, कुणाकडे कोण उतरलंय, सगळ्याची खबर ठेवणारे. ग्रामोफोनचा आवाज त्यांच्या कानावर गेला असणार.

सगळ्यांची पाचावर धारण बसली, पण कुणी जागेवर थिजलं नाही. ओतीलिया नुसती बघत राहिली. नाटकात पडदा पडून प्रसंग बदलावा तशी खोली बदलली. कागदोपत्री लेओकादियाबाई आन्सेल्मोच्या बायको होत्या आणि विसी लेआंद्रोची. एकाच दिवशी एकाच पाद्र्यासमोर दोन्ही लग्नं लागली होती. रोज सकाळी नवरे कॉरिडॉर ओलांडून आपापल्या बायकांच्या दारातून कामावर निघत आणि संध्याकाळी पुन्हा ओलांडून परत जात. आता आन्सेल्मोने घरातल्या सपाता चढवल्या, वर्तमानपत्र धरलं आणि लेओकादियाबाईंच्या शेजारी धाडकन बसला. लेआंद्रो विसीजवळ गेला. नर्सांनी विणकाम काढलं. तेक्ला थेट खिडकीशी.

"पुस्तक!" विसी दबक्या आवाजात म्हणाली. "शेगडीत टाका!"

टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी होती. लेआंद्रोने पुस्तक उचललंही. ओतीलियाने ते त्याच्या हातातून हिसकावलं. "जळक्या कागदाचा वास लपवायला वेळ आहे का?" तो नव्हताच. दार वाजत होतं.

सातुरिओसाहेब आत आले. बुटके, मिशी कोरलेली, कोटावर पक्षाचा बिल्ला. स्पेनच्या मध्यातल्या कास्तियाच्या पठारावरचे, कातालानचा एक शब्द न कळणारे, आणि म्हणूनच ती भाषा ऐकली की बिथरणारे.

"नाचगाणं चालू आहे म्हणे? काल निष्कलंक मातेचा सण झाला आणि आज लगेच पासोदोब्लेवर नाच?"

"माझ्या संतिणीचा दिवस, साहेब," लेओकादियाबाई म्हणाल्या. "बसा ना. चॉकलेट घ्या. गरम आहे."

साहेबांनी चॉकलेट घेतलं. बिस्किटं घेतली, एकामागून एक पाच. मग बोटं चाटत त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. नवरा, बायको, नवरा, बायको, विणकाम. ती नजर ओतीलियावर थांबली.

"या कोण? पहिल्यांदाच पाहतोय."

तेक्लाने डोळे मिटले. ओतीलिया उभी राहिली. "मी पुस्तकवाली," ती म्हणाली. "जुन्या पुस्तकांच्या दुकानात आहे. दारावर पाटी आहे, केव्हाही येऊन बघा."

"आणि हातात काय?"

"नित्य प्रार्थना."

"वा! बघू." साहेबांनी हात पुढे केला.

"अहो साहेब!" लेओकादियाबाई एकदम कडाडल्या. जन्माला येणाऱ्याला दरडावायची सवय त्यांच्या कामी आली. "चॉकलेटच्या हातांनी देवाचं पुस्तक धरणार?"

साहेबांनी बोटांकडे पाहिलं, ओशाळले आणि हात मागे घेतला. "खरंय. खरंय. मग तुम्हीच वाचा, बाई. मातेची एखादी प्रार्थना वाचा. आम्हीही ऐकतो."

आणि ते गुडघे टेकून बसले. ते बसले म्हटल्यावर सगळ्यांनाच बसावं लागलं. नवरे, बायका, नर्सा, सगळे गुडघ्यांवर, आणि मध्ये ओतीलिया एकटी उभी, हातात तीन गुन्हे उघडून. पान आपोआप उघडलं. तिथे कातालानमधल्या चार ओळी होत्या. तिने अक्षरांकडे पाहिलं. ती ओळी विसरली, नियम विसरली, पोलीस विसरली. समोर खिडकीशी तेक्ला गुडघे टेकून बसली होती. निळा झगा, हात जोडलेले, आणि चेहऱ्यावर सगळं गमावलेल्या माणसाचा निमूटपणा. ओतीलियाला वाटलं, हिला आज इथून जाऊ द्यायचं नाही. मग मला काहीही म्हणावं लागो.

"हे माते," तिने सुरुवात केली. आवाज थरथरला, पण देवाला तसा आवाज आवडतो म्हणतात. "सात वर्षं मी दुसऱ्यांच्या शब्दांवरची धूळ पुसत बसले. मला वाटायचं, माझ्यासाठी कुणी काही लिहिलेलंच नाही. आणि एका मंगळवारी तू येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर..."

एका नर्सला खोकला आला.

"...माझ्या शेजारच्या रित्या जागी बसलीस. तू मला एक प्रश्न विचारलास. मी हो म्हणाले. मला प्रश्न कळला नव्हता, माते, पण उत्तर खरं होतं. ते मला आत्ता कळतंय."

तेक्लाने डोळे उघडले.

"तुझी बोटं टोचून टोचून रक्ताळलेली. ती माझ्या हाताला लागली तेव्हापासून माझा हात माझा राहिला नाही..."

"बोटं?" साहेबांनी मान वर केली. "मातेची बोटं टोचलेली?"

"काट्यांचा मुकुट," लेओकादियाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "लेकराच्या डोक्यावरचा मुकुट काढताना."

"अरेरे," साहेब कळवळले. "खरंच की. कधी लक्षातच आलं नाही. वाचा, वाचा."

"लोक म्हणतात, तुझ्याकडे बघायचं तर नजर खाली ठेवून. मला नाही जमत. मी दोनदा केस धुऊन आलेय, माते. घाबरत आले आणि हसत आले. मला तुझ्या घरातून घालवू नकोस, आणि माझ्यापायी तुला कुणी घालवू नये. ज्या दारातून तू जाशील त्याच दारातून मीही येईन. माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे मी चारचौघांत, मोठ्याने, गुडघे टेकलेल्या माणसांसमोर सांगतेय, आणि ऐकणाऱ्यांनी आमेन म्हणावं."

"आमेन!" सातुरिओसाहेब भरल्या गळ्याने म्हणाले. वस्तीचे पक्षप्रमुख, बिल्ल्यासकट. त्यांच्या मागोमाग सात आमेन आले, काही रडके, काही हसू दाबलेले. तेक्लाच्या ओठांतून आवाज फुटला नाही, पण ओठ हलले.

साहेब उठले, रुमालाने डोळे टिपले. "काय भाव आहे! कुणी लिहिलंय?"

"एका बंदिस्त मठातल्या भगिनीने," ओतीलिया म्हणाली. तिचं पहिलंवहिलं खोटं, आणि ते लोण्यासारखं घसरलं. "नाव लावलेलं नाही. विनयाने."

"संतच असणार. माझ्या बायकोसाठी उतरवून पाठवा. तिला मी इतकं सुंदर काही कधी म्हटलेलंच नाही." दारात त्यांनी टोपी घातली आणि आन्सेल्मोच्या पाठीवर थाप मारली. "असं घर ठेवावं, साहेब. बायकांना अशी संगत मिळाली की घर बिघडत नाही."

पावलं जिना उतरून गेली. खालून रखवालदारीणबाई बेसूर आवाजात नाताळचं गाणं म्हणायला लागली, म्हणजे रस्ता मोकळा. मग जे हसू फुटलं ते आवरेना. लेआंद्रो जमिनीवर लोळला. विसी पदर नसल्याने टेबलक्लॉथ तोंडात कोंबून हसत होती. आन्सेल्मो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काट्यांचा मुकुट! बाई, काट्यांचा मुकुट!"

लेओकादियाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या उठल्या, ओतीलियाजवळ आल्या आणि पोर हाताळावं तसा तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्यांनी उजेडाकडे वळवला. बराच वेळ बघितलं.

"बाहेरचं कोण आलं होतं गं, तेक्ला?" त्या म्हणाल्या. "मला तर तो बुटका सोडून कुणी दिसलं नाही." आणि त्यांनी सुई पुन्हा तबकडीवर टेकवली.

दोघी खिडकीशी उभ्या होत्या. तेक्लाने पुस्तक घेतलं होतं आणि पानं उलटत होती. पुढून मागे, मागून पुढे. रस्त्यावर दिवे लागत होते.

"कुठल्या पानावर आहे ते?" तिने विचारलं.

"कुठल्याच नाही," ओतीलिया म्हणाली.

तेक्लाने पुस्तक मिटलं.

"मग पुन्हा म्हण," ती म्हणाली. "आणि या वेळी मातेचं नाव गाळ."

ओतीलियाने ते गाळलं.